आधी खोळ, मग कापूस

जीवाणूंच्या पोटात शिरून वाढणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे फाजचा धडा आला की आमच्या अक्का हातात उशीची रिकामी खोळ, काखेत कापसाची पिशवी आणि लाकडी रूळ घेऊन वर्गात शिरायच्या. जळगावच्या त्या कॉलेजात मी नवी नवी नोकरीला लागले, तेव्हा मला वाटलं बाई बाजार करून परस्पर वर्गात चालल्यात. मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

"विषाणूचं डोकं असतं, त्यात डीएनएचा धागा असतो. मग सांगा, आधी काय तयार होतं? डोकं का आत भरलेला धागा?"

अर्धा वर्ग म्हणाला, आधी धाग्याची गुंडाळी होते, मग तिच्याभोवती डोकं चढतं. खरं सांगते, माझंही मत तेच होतं.

"अरे, कापसाचा ढीग मांडून त्याच्यावर खोळ शिवतं का कोणी? सारे कापूसवाल्यांचे पोरं तुम्ही! आधी खोळ, मग कापूस!"

मग सुरू व्हायचा खेळ. अक्कांनी कापसाचा लांबच लांब पेळू वळून आणलेला असे. तो खोळीच्या तोंडातून रुळानं आत ढकलायचा, दाबायचा, परत ढकलायचा. "डोक्याच्या एकाच कोपऱ्याला तोंड. तिथं एक इवलंसं यंत्र बसलेलं असतं. ते असंच दम खात धागा आत कोंबतं. जीवाणूच्या घरचीच ताकद वापरतं, मेलं!" धापा टाकत त्या शेवटचा हात मारायच्या, पेळू कात्रीनं कापायच्या आणि उरलेला दुसऱ्या खोळीसाठी बाजूला ठेवायच्या. "डोकं भरलं, की धागा कापायचा. मग शेपूट. ते वेगळीकडे तयार होऊन आलेलं असतं, नुसतं बसवायचं." शेपूट म्हणजे सायकलच्या पंपाची जुनी नळी आणि तिला तारेचे पाय. वर्ग टाळ्या पिटायचा. आणि टाळ्या थांबल्या की अक्का चष्मा पुसत, अगदी सरळ आवाजात म्हणायच्या, "असं म्हणतात. मी काही पाह्यलं नाही, बापा."

जन्मभर शिकवलं आणि प्रत्येक वेळी शेवट हाच. विद्यार्थी हसत. त्यांना ती अक्कांची गंमत वाटे. मी एकदा विचारलं, "अक्का, पुस्तकात फोटो आहेत की. मग असं का म्हणता?"

"ते दुसऱ्याचे फाज. दुसऱ्याच्या पोराचा फोटो पाहून माझं पोर गोरं आहे म्हणू का?"

अक्का मूळच्या बोदवडच्या, रोज पॅसेंजरनं जळगावला यायच्या. वर्गात बोलणं शुद्ध, पण रंगात आल्या की घरची बोली सुटायची. मी धुळ्याची. माझ्या तोंडून 'सगळं'ऐवजी 'बठ्ठं' नाहीतर 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की त्या लगेच साऱ्या स्टाफरूमला ऐकवायच्या, "घ्या, आली धुळेवाली!" त्यांच्या 'मले-तुले'ला मात्र कोणी हसायचं नाही. खातेप्रमुख ना त्या!

त्यांच्या निवृत्तीचं ते शेवटचं वर्ष. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा तरी 'असं म्हणतात' न म्हणता तो तास घ्यायचाय मला. आपण आपला फाज शोधू. पुण्याला आपला निलेश आहे, तो फोटो काढून देईल." निलेश त्यांचा जुना विद्यार्थी. एका मोठ्या संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करत होता.

फाज सापडतो घाणीत. जिथं जीवाणू फार, तिथं त्यांना खाणारेही फार. मी राहायचे पिंप्राळ्यात, आणि आमच्या कॉलनीमागचा नाला म्हणजे विचारू नका! अक्का साडी खोचून, दोरीला डबा बांधून तिथं उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत बायका जमल्या. नगरपालिकेची बाई आली असं समजून तक्रारींचा पाऊस. कुणाच्या घरात डास, कुणाचं गटार तुंबलेलं. अक्कांनी एकीलाही नाही म्हटलं नाही. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, डब्यात पाणी भरलं आणि म्हणाल्या, "बहिणाबायांनो, नाल्याचं मी सांगते वर, पण या पाण्यात सोनं आहे." एक म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "बरी आहे ना गं ही?" अक्का मात्र दुसऱ्या दिवशी खरंच पालिकेत जाऊन भांडून आल्या.

फाज निघाला. बशीत वाढवलेल्या जीवाणूंच्या दुधट थरावर काचेसारखी स्वच्छ गोल भोकं दिसली. जिथं भोक, तिथं फाजनं जीवाणू फस्त केलेले. अक्कांनी ती बशी स्टाफरूमभर, अगदी मराठीच्या सरांनासुद्धा दाखवली. बिचाऱ्यांनी चहा तसाच खाली ठेवला.

आता अक्कांचं वेड सांगायला हवं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की काचेची भांडी चार दिवसांत पांढरी फटक. त्यामुळे अक्कांना नळाच्या पाण्याचा भयंकर राग आणि डिस्टिल्ड वॉटरवर अपार श्रद्धा. कुठलाही प्रयोग फसला की त्यांचं एकच, "पाणी कोणतं वापरलं? काहून वं? डिस्टिल नव्हतं का?" आम्ही मागे म्हणायचो, अक्का आमटीलाही डिस्टिल घालत असतील.

फाज शुद्ध करताना तो शेवटी अगदी खारट द्रावणात येतो. पुण्याच्या यंत्राची तारीख ठरलेली, कुरिअरवाला दारात. अक्कांनी घाईत नळी उचलली आणि ते द्रावण थेट आपल्या लाडक्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओतलं. बर्फाच्या डब्यात घालून रवाना!

आठवड्यानं फोटो आले. आम्ही सगळे संगणकाभोवती दाटीवाटीनं उभे. डोकी होती, शेपट्याही होत्या. पण प्रत्येक डोकं मधे काळंकुट्ट. फोटोसाठी लावलेला रंग आत शिरलेला, म्हणजे आत धागाच नाही. भरलेलं डोकं पांढरं दिसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, बठ्ठं रिकामं शे!" त्या दिवशी मला धुळेवाली कोणी म्हटलं नाही.

निलेश फोनवर सांत्वन करत होता, "अक्का, यंत्राचा काही दोष असेल, रंगाचा असेल..."

"गप रे," अक्का म्हणाल्या. "दोष डिस्टिलचा. खारटातून एकदम बिनमिठाच्या पाण्यात टाकलं बिचाऱ्यांना. आतमध्ये सोडावॉटरच्या बाटलीसारखं दाबून भरलेलं. पाणी आत घुसलं आणि सारा कापूस बाहेर. माझ्याच हातानं झालं." आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्यातलं सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

यंत्राचा पुढचा नंबर पावसाळ्यात, आणि अक्का मेअखेर निवृत्त होणार. तरी त्यांनी शेवटच्या आठवड्यात पुन्हा फाज वाढवला. या खेपेला मीठ हळूहळू, धीरानं कमी केलं. डिस्टिलची बाटली कपाटात बंद! शेवटच्या तासाला पोरं म्हणाली, "अक्का, आता तर तुम्ही पाहिलं ना?"

"रिकामं पाह्यलं. भरलेलं कुठं पाह्यलं?" अक्का म्हणाल्या. आणि चष्मा पुसून, "असं म्हणतात." निरोपाचा नारळ घेऊन त्या बोदवडला गेल्या.

दुसरे फोटो आले तेव्हा मी छापील प्रत घेऊन गाडीत बसले. अक्का ओसरीवर पिंजाऱ्याकडून भाचीच्या लग्नासाठी गाद्या-उशा भरून घेत होत्या, स्वतःही कापसात बसलेल्या. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. मी फोटो पुढे धरला. पांढरीशुभ्र, टच्च भरलेली डोकी, खाली नीट बसवलेल्या शेपट्या.

अक्कांनी हात पदराला पुसले आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. पिंजारी डोकावला. "काय आहे, अक्का?"

"तुह्यासारखाच एक कारागीर आहे," त्या म्हणाल्या. मग एका कोपऱ्यातल्या डोक्यावर बोट ठेवलं. ते एकटंच काळं होतं. "हे पाहा, याची खोळ राहिली भरायची. घाई झाली असेल कोणाला तरी." आणि खळखळून हसल्या. मग माझा हात धरून, अगदी लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "एक तास दे ना वं मले. एकच."

मी नाही म्हणणार होते का? पुढच्याच आठवड्यात वर्गात खोळ आली, पेळू आला, रूळ आला. वर्ग नवा होता, पोरांना अक्का कोण ते ठाऊकही नव्हतं. पुन्हा कापसाचा ढीग, पुन्हा "आधी खोळ, मग कापूस", पुन्हा धापा. आता वय जाणवत होतं, पण रूळ त्यांनी कोणाला दिला नाही. शेपूट बसवलं. टाळ्या झाल्या. अक्कांनी सवयीनं चष्मा काढला, पदरानं पुसला. मी मागच्या बाकावर बसले होते.

"असं..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. भरलेली खोळ उचलून छातीशी धरली.

"असंच असतं, पोरांनो. मी पाह्यलंय."