पेंडीच्या पोत्याखालचा पळस

माझी मामी केंदूरला राहते आणि रानफुलं दाबून, वाळवून त्यांचे तोडगे करते. तिच्या एका तरवडाच्या फुलानं दौंड स्टेशनात अडकलेली मालगाडी हलली, असं मी सांगते तेव्हा आमचे दौंडकर हसतात. हसू देत. डब्याला फूल मी स्वतः चिकटवलं होतं, आन् सकाळी गाडी तिथं नव्हती.

मामीची शिस्त कडक. झाडाला विचारल्याशिवाय फूल तोडायचं नाही. वर्तमानपत्राच्या घडीत ते अलगद पसरायचं आणि वर वजन ठेवायचं. वजन मात्र ज्याचं काम त्याच्याच वस्तूचं. पोरीचं लग्न जमवायचं असेल तर तिच्या साड्यांची ट्रंक, परीक्षा असेल तर पुस्तकांचा गठ्ठा.

मी सांगते त्या वर्षी काम खोंडाचं होतं. मामीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला पांढराशुभ्र खोंड. आधीच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीला तो घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, मधोमध थांबला आणि अख्ख्या जिल्ह्यासमोर निवांत रवंथ करत बसला. मामानं बजावलं होतं, "यंदा थांबला तर घाटातनंच व्यापाऱ्याच्या टेम्पोत." व्यापारी खोंड बघूनही गेला. मामीनं त्याला चहा दिला, बिनसाखरेचा.

मग आम्ही दोघी कवठे येमाईच्या माळावर. पळस असा पेटलेला, की आग समजून बंबवाले येऊन परत गेले असतील. माझे पाय जमिनीवर ठरेनात. मामी झाडाशी नणंदेशी बोलावं तशी बोलली, "बाई, दोन देतीस का? लेकराचं काम हाय."

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"व्हय म्हणाली. तुझे कान काय डूल घालायलाच हायेत का?"

तिनं एकाच डहाळीची दोन फुलं घेतली. "ही एकमेकींना सोडून ऱ्हात न्हाईत. एक खोंडाच्या गळ्यात, एक म्होरं पळणाऱ्या घोडीच्या खोगिराला. बघ कसा वढला जातो."

फुलं खोंडाच्या सरकी पेंडीच्या पोत्याखाली गेली. उघडली तेव्हा कागदावरच्या फोटोतला पुढारी रंगपंचमी खेळून आल्यासारखा केशरी झालेला, आणि फुलं पापडासारखी चपटी. मामीनं ती लाल फडक्याच्या दोन पुरचुंड्यांत बांधली.

घाटात बायका फारशा जात नाहीत. यात्रेच्या दिवशी आम्ही गेलो. मामा म्हणाला, "आता बैल फुलांनी पळवायचा व्हय?"

"तुमच्या शिव्यांनी तर बसलाच व्हता," मामी म्हणाली.

तिनं पुरचुंड्या बांधल्या, तसा खोंड नाक फेंदारून घोडीकडं बघायला लागला. मी वाकून वास घेतला. पळसाचा पत्ता नाही, नुसती पेंड. मामीच्या कानात सांगितलं, तर म्हणाली, "गप ऱ्हा."

झेंडा पडला आणि खोंड सुटला. खुरं जमिनीला लागत नव्हती, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगेन. घोडीनं एकदा मागं वळून बघितलं आणि भिऊन अशी धावली, की तिचा मालकही नंतर तिला ओळखेना. धुरळा दुसऱ्या दिवशी शिरूरच्या बाजारात खाली बसला. आमचा गाडा पहिल्या नंबरात आला. निशाणापलीकडं खोंडानं घोडीला गाठलं आणि खोगिराची पुरचुंडी फडक्यासकट खाल्ली.

"मामी, हा पेंडीमागं पळाला," मी म्हणाले.

"पेंड तो रोज खातो. रोज पळतो का?"



तेवढ्यात व्यापारी दोर घेऊन पुढं आला. आता मामा मागेल ती किंमत द्यायला तो तयार होता. मामी खोंडाच्या दातांतलं फडकं ओढत होती, तिनं वर बघितलंच नाही. मामानं मात्र तिच्याकडं बघितलं आणि व्यापाऱ्याचा दोर बाजूला सारला.

"टेम्पोत दुसरं कायतरी भरा, आप्पा," मामा म्हणाला. "ह्यो घरचा हाय."