इंडिकेटरचा दिवा

धुळ्याच्या कॉलेजात मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आबांनी एकच वर्ष कबूल केलं होतं. पास झाले तर पुढचं, नाहीतर परत गावी, साक्रीकडे. आणि जर्नलवर सरांची सही नसली तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नसे.

त्या दिवशी तारेच्या कॉइलचा रोध काढायचा होता. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती, एवढं मला पाठ होतं. पण माझ्या टेबलावर कॉइलच नव्हती.

"ती जयी गयी, माय," जळलेली कॉइल दाखवत प्रयोगशाळेतले नाना म्हणाले. "हाऊ दिवा लाव, चालस."

स्कूटरच्या इंडिकेटरचा दिवा होता तो. चांगल्या वस्तू शहरातल्या मुलींना आणि जळकं-तुटकं मला, असं मनात आलंच.

दोन व्होल्टला काटा ०.६५ अँपिअरवर थांबला. रोध आला तीन ओहम. सहा व्होल्टला १.२, म्हणजे पाच. बारा व्होल्टला १.७५, म्हणजे जवळजवळ सात. रोध कसा वाढेल? मी मीटरवर टिचकी मारली, तारांची टोकं ब्लेडने खरवडली, नानांकडेही एकदा रोखून पाहिलं. पुन्हा तेच आकडे.

शेजारच्या टेबलावर जळगावच्या पिंप्राळ्याची मैत्रीण होती. तिचं केव्हाच संपलं होतं.

"किती आलं?"

"कधी तीन, कधी सात."

"बाई गं! सगळ्यांचं पाच आलंय. आधी उत्तर लिहायचं, मग रीडिंग. तू काय खरंच काटे बघत बसलीस?"

मधलं एक पाच बरोबर होतं. म्हणजे बाकीची माझीच चूक. मी रफ कागद घडी करून वहीत सरकवला आणि तिचे आकडे जर्नलमध्ये उतरवले.

सरांनी जर्नल उघडलं, मग माझ्या टेबलाकडे पाहिलं.

"तुझ्याकडे दिवा होता ना? मग हे कॉइलचं रीडिंग कुठून आणलंस?"

मी घडीचा कागद पुढे केला. सरांनी तो वाचला आणि बारा व्होल्टची शक्ती काढायला सांगितली.

"बारा गुणिले पावणेदोन... एकवीस वॉट."

"आता दिव्याच्या बुडावर काय लिहिलंय ते वाच."

दिवा पोळत होता. ओढणीत धरून मी तो उजेडाकडे वळवला. पितळेवर बारीक अक्षरांत कोरलं होतं: १२ व्होल्ट, २१ वॉट.

"तार तापली की रोध वाढतो," सर म्हणाले. "मीटरवर, नानांवर, सगळ्यांवर संशय घेतलास. त्या पाचावर का नाही घेतलास?"

त्यांनी जर्नलमधलं ते पान खोडलं, रफ कागदावर सही केली आणि तोच जर्नलमध्ये चिकटवायला सांगितलं. मग गठ्ठ्यातून मैत्रिणीचं जर्नल काढून माझ्या खोडलेल्या पानाशेजारी ठेवलं. आकडे दशांशापर्यंत सारखे होते. ते कोणाचे, हे सरांनी मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तिला मात्र सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती. नाव मीच सांगितलं, असा तिचा संशय होता.