जपानी पाहुणा आणि काशीबाईची मरळ

विषय तुम्हीच काढलात, तर सांगून टाकतो. पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे दात काढलेले मला चालणार नाहीत. लोकांच्या हातून चुका होतात, चार दिवस बोभाटा होतो, मग सगळे विसरतात. माझ्या नशिबात तेही नाही. मी रिटायर झालो, माझी चूक अजून नोकरीवर आहे!

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी नागभीडला हायस्कुलात भूगोल शिकवायचो. बायको कुरखेड्याला नर्स, मी इथे एकटा. स्वयंपाक म्हणाल तर मला चहासुद्धा धड येत नाही. त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण काशीबाईच्या खानावळीत.

स्टेशनच्या रस्त्याला चार बाकड्यांची खानावळ. काशीबाईचा भाऊ तलावात जाळं टाकायचा आणि बाई ती मच्छी शिजवायची. पाट्यावर वाटलेला मसाला, त्यात वाळवलेल्या कैरीच्या फोडी, खाली वाफाळता भात. अहो, तो रस्सा पोटात गेला की दुपारच्या तासाला छडी उचलावीशी वाटायची नाही. वर्गातले पोट्टेसुद्धा मला विचारून घ्यायचे, "गुरुजी, आज जेवले ना जी?"

अशात आमच्या वस्तीत बातमी आली. नागपूरला राहणारा एक जपानी उपासक आमचा नवा विहार पाहायला येणार. जपानहून आलेला, बुद्धाला मानणारा माणूस आमच्या वस्तीत! विहाराचे अध्यक्ष सदाशिवभाऊ आनंदानं दोन दिवस नीट जेवले नाहीत. आणि पाहुण्यानं जेवायचं कोणाकडे, या भांडणात बाकीचे जेवले नाहीत. प्रत्येक घर म्हणे, आमच्याकडेच! प्रकरण गचांडी धरण्यापर्यंत गेलं तेव्हा मी बोलायला उभा राहिलो. बसून राहिलो असतो तर किती बरं झालं असतं!

"पाहुण्याच्या पत्रात लिहिलंय, मच्छी-भात आवडतो म्हणून," मी म्हणालो. "काशीबाईकडे नेऊ. म्हणजे कोणाचा रुसवा नको."

"हे बराबर बोलले गुरुजी," सदाशिवभाऊ म्हणाले.

इथे थांबायचं की नाही? पण भूगोलाचा मास्तर थांबतो कुठे! मला आठवलं, जपानात मच्छी कच्ची खातात. रविवारच्या पुरवणीत एवढीशी चौकट वाचली होती. थंड भाताचा मुटका, त्यावर कच्च्या मच्छीची चकती, भोवती समुद्रातला पाला. सुशी म्हणतात त्याला. म्हणजे पत्रातला मच्छी-भात तो हा मच्छी-भात! बिचाऱ्यानं संकोचानं सगळं लिहिलं नाही, पण मी ओळखलं. आख्ख्या तालुक्यात दुसरं कोण ओळखणार होतं?

पाहुणा यायच्या दिवशी सकाळीच खानावळीत पोचलो. बाईच्या भावानं हातभर लांब मरळ आणली होती, घागरीत जिवंत. बाईचा मसाला वाटणं चाललं होतं.

"बाई, मसाला राहू द्या. मच्छी शिजवायची नाही."

"त काय पाळाची हाये जी?"

"जपानी लोक कच्ची खातात."

वरवंटा थांबला. "गुरुजी, पाहुणा येऊन राह्यला का मांजर येऊन राह्यलं?"

मी तिला जपान समजावला. नकाशा जमिनीवर कोळशानं काढून दाखवला. चारी बाजूंनी समुद्र, मोठी मोठी बेटं, सगळं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याईच्या घरी चुली नाई का?"

समुद्रातला पाला कुठून आणायचा? मी तलावातलं शेवाळ सुचवलं. "शेवाळ आमची म्हैस बी खात नाई," बाई म्हणाली. शेवटी पळसाच्या पानाच्या पट्ट्यांवर तडजोड झाली.

मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गुरुजी, माह्या इथून आजवर कोणी उपाशी उठला नाई. पह्यल्यांदा परदेशचा माणूस येऊन राह्यला, न तुमी मले चूल विझवाले सांगता. त्यानं नाई खाल्लं त सांगून ठेवते, उद्यापासून तुमी आपलं जेवण दुसरीकडे पाहा."

दुसरीकडे म्हणजे स्टँडजवळचं हॉटेल. दोन्ही वेळ आलूचं पाणी! पण मी छातीवर हात मारला. "खाईल बाई, बोटं चाटून खाईल! जबाबदारी माझी."

दुपारी पाहुणा आला. किडकिडीत, हसरा, गळ्यात कॅमेरा. आल्या आल्या हात जोडून "जय भीम!" म्हणाला आणि वस्तीनं त्याला डोक्यावर घेतलं. हिंदी तर माझ्यापेक्षा चांगली. विहार पाहून झाला आणि वरात खानावळीत आली. आत सदाशिवभाऊ, पाहुणा आणि मी. बाहेर सगळी वस्ती. कुडाच्या भिंतीला जेवढी भोकं, तेवढे डोळे.

मी ताटावरचं झाकण उचललं. पळसाच्या पट्ट्या बांधलेले सहा मुटके! तीन तास खपलो होतो.

पाहुण्यानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गुरुजी, यह क्या है?"

"मछली-चावल!" मी म्हणालो. "बिलकुल कच्चा!"

"कच्चा?" त्याचे डोळे मोठे झाले. "आप लोग कच्चा खाते हैं?"

आता शहाण्या माणसाला इथे कळलं असतं. मला काय वाटलं? याला आनंदानं भरून आलंय! मग एकट्याला संकोच वाटू नये म्हणून मी म्हणालो, "हाँ हाँ, बचपन से!"

"तालाब की मछली?"

"एकदम ताजी! सुबह तक जिंदा थी!"

त्यानं ताटाकडे पुन्हा वाकून पाहिलं. मग दोन्ही हात जोडून म्हणाला, "तो पहले आप खाइए. मैं देखूँगा." आणि त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

सांगा, पाहुण्यानं 'तुम्ही सुरू करा' म्हटल्यावर आमच्याकडे नाही म्हणता येतं का? चुलीजवळ काशीबाई हातात पळी घेऊन उभी. मी एक मुटका उचलला आणि तोंडात कोंबला.

काय सांगू! गार, बुळबुळीत, चिखलाचा वास, आणि दाताखाली सापडेना. मरळ परत जिवंत होऊन तलावाकडे निघाली असं वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं. क्लिक!

"बहुत बढ़िया! एक और!"

दुसरा खाल्ला. क्लिक! तिसऱ्याला सदाशिवभाऊंनी तोंड फिरवलं.

"अब आप!" मी कसाबसा म्हणालो.

पाहुण्यानं ताट हळूच बाजूला सरकवलं. "माफ कीजिए गुरुजी. हमारे यहाँ सिर्फ समुंदर की मछली कच्ची खाते हैं. तालाब की कभी नहीं. पेट में कीड़े हो जाते हैं." मग आदरानं म्हणाला, "आप तो बचपन से खाते हैं, आपको आदत होगी."

तेवढ्यात चुलीकडून वास आला. बाईनं माझ्यावर भरवसा न ठेवता उरलेली मरळ मसाल्यात टाकली होती.

"वो क्या पक रहा है?" पाहुणा विचारू लागला. "मैं तो उसी के लिए आया था!"

बाईनं वाढलं. पाहुणा तीनदा भात मागून घेऊन जेवला, ताट बोटानं पुसलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझी खरीखुरी लाज वाटली. जिच्या हातच्या रश्श्यावर मी जगत होतो, तिलाच मी चूल विझवायला सांगितलं होतं. मी गुपचूप ताट पुढे केलं.

"तुमी त जेवले ना जी," बाई म्हणाली आणि पळी परत भांड्यात ठेवली.

रविवारी बायको कुरखेड्याहून जंताचं औषध घेऊन आली. "लेकरांचं आहे, पण डोस डबल घ्या. अक्कल कमी असली तरी वजन जास्त आहे," म्हणाली. आठ दिवस मी स्टँडवर आलूचं पाणी प्यालो. नवव्या दिवशी काशीबाईसमोर जाऊन सरळ कबूल केलं, "बाई, चुकलो." तिनं ताट सरकवलं, वाढलं. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

पाहुणा सुट्टीला मायदेशी गेला आणि महिनाभरानं जपानहून पाकीट आलं, खानावळीच्या पत्त्यावर. आत हाताएवढा रंगीत फोटो. मी, डोळे बाहेर आलेले, ओठातून पळसाची पट्टी लोंबतेय. मागे हिंदीत लिहिलेलं, "नागभीड का पारंपरिक भोजन. मेरे गाँव में सबको दिखाया."

बाईनं फोटोला चौकट करून गल्ल्याच्या वर लावला. मी हातापाया पडलो, तिनं काढला नाही, अजून तिथंच आहे. गाडीतून उतरलेलं प्रत्येक गिऱ्हाईक जेवता जेवता वर बघायचं आणि विचारायचं, "बाई, ह्या माणसाले काय झालं?"

आणि मी समोर बसलेला असताना बाई भात वाढता वाढता सांगायची, "काई नाई जी. ते आमचे गुरुजी होत. त्याईले शिजलेलं आवडत नाई."