बाबांच्या छातीतली मर्मर

मंडळी, आज सकाळी धायरीतल्या आमच्या घरी मी दोन मिनिटं हृदयरोगी झालो होतो.

लेकीची उद्या नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. नवजात बाळाची काळजी तिने उशी दुपट्यात गुंडाळून घोटली. पण उशीला ठोके नसतात, म्हणून हृदयविकाराच्या धड्यासाठी मला आडवं केलं.

स्टेथोस्कोप टेकवताच ती घाबरली. "आई, बाबांच्या हृदयात मर्मर ऐकू येतेय!"

मर्मर म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज.

"अहो, आधी ते पुटपुटणं थांबवा," बायको म्हणाली.

लेक पास व्हावी म्हणून मी हळूच 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण म्हणत होतो! थांबलो, तर ठोके स्वच्छ.

"बाबा, उद्या केंद्रावर येऊ नका. तिथले पेशंट बिघडतील."

मंडळी, लेकीची काळजी बिनआवाजाची कशी करायची?