वाईटात वाईट दिवस

डेल राउतिओचं घर मागच्या वर्षी मी इतकं लखलखीत पाहिलं की मला तेव्हाच कळलं, आज काही खरं नाही. त्या दिवशी काउंटीची, म्हणजे जिल्हा कचेरीची, बाई तपासणीला यायची होती. त्याच्या पोरीने, सेल्माने, डोकं आपटून भिंतीला पाडलेलं भोक डेलने बुजवलं होतं, वर रंगही दिला होता. फ्रिजची कडी काढली होती. पोरगी दाराबाहेर गेली की वाजणारी घंटासुद्धा काढून खणात टाकली होती. टेबलावर वेलचीचा पाव, ताजा. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या फिनी, म्हणजे मूळ फिनलंडच्या, लोकांत असंच चालतं. घरातलं रडगाणं परक्यापुढे गायचं नाही, ही खोड आमच्या आजोबा-पणजोबांनी खाणीत कामाला अमेरिकेत येताना बोटीतून बरोबर आणली आणि सुपिरियर सरोवराच्या काठी खाणी कधीच बंद पडल्या तरी ती आमच्या अंगातून गेली नाही.

"कपडे स्वतः घालते का?" बाईने विचारलं.

"जमतं तिला."

"झोप?"

"झोपते की."

"घरातून निघून जाते का कधी?"

"छे, ती कुठं जातेय!"

मी शेजारी बसून दात-ओठ खात होते. अकरा वर्षांची सेल्मा, तोंडातून एक शब्द येत नाही, समज काही बाबतीत तीन वर्षांच्या पोराची, आणि बाप सांगतोय सगळं झकास चाललंय म्हणून! महिन्याने पत्र आलं. सरकारी खर्चाने आठवड्याला मदतनिसाचे तीस तास मिळत होते, ते नऊ झाले. मदतनीस म्हणजे मी, व्हर्ना, राहते पलीकडच्या गल्लीत. डेल चड्डीत होता तेव्हापासून मी त्याला ओळखते, म्हणून त्याला तोंडावर गाढव म्हणायचा मला हक्क आहे. तो मी त्या दिवशी बजावला.

डेल काउंटीचा बर्फ सारायचा ट्रक चालवतो. सेल्मा तीन वर्षांची असताना तिची आई खाली दक्षिण मिशिगनमध्ये बहिणीकडे राहायला गेली, ती तिकडचीच झाली. वाढदिवसाला कार्ड येतं. बाकी सगळं डेलने केलं. पोरीला शिवण टोचते म्हणून तिचे सगळे कपडे तो उलटे घालतो. तिच्या ताटात एका पदार्थाला दुसरा लागला तर ताट जमिनीवर जातं, म्हणून पास्टी, ती खाणकामगारांची मोठी खारी करंजी, फोडून मांस वेगळं, बटाटा वेगळा, सलगम वेगळा मांडतो. चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारा टॅब शाळेने दिला, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या की आपण त्यावर बोललो तरच मूल बोलायला शिकतं. झालं, दिवसाला दहा शब्द न बोलणारा हा माणूस संध्याकाळभर टॅबवर बोटं दाबत पोरीशी गप्पा मारायला लागला. गॅरेजमधले म्हणायचे, "डेल, तुझ्यापेक्षा ते यंत्र बडबडं आहे रे!"

"म्हणूनच ठेवलंय," डेल म्हणायचा.

नऊ तासांत काय होतं? मी शाळेआधी जायचे, तेवढ्यातच ते तास संपायचे. डेलने पहाटेच्या पाळ्या सोडल्या, मग रजा संपवल्या. जानेवारीत एका रविवारी तो तळघरात गोठलेला नळ शेकत होता. पाच मिनिटं, फार तर सात. घंटा अजून खणातच होती. सेल्मा मोज्यांवर बाहेर पडली आणि सरळ सरोवराच्या बर्फावर चालत गेली. मासे धरायला बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिला आपल्या खोपटात ओढलं, म्हणून वाचली. गारठून मेलेली डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

त्यानंतर गोष्ट साधी होती. डेलच्या साहेबाने पहाटेच्या पाळीवर परत यायला मार्चपर्यंत मुदत दिली होती. तास परत मिळाले तर पहाटेची पाळी आणि पोरगी दोन्ही सांभाळता येणार होतं. नाहीतर सेल्माला अडीचशे मैलांवर अशा मुलांच्या वसतिगृहात ठेवायचं. अर्जाची पानं तर आलीसुद्धा होती. डेलने ती पालथी घालून ठेवली होती.

फेरतपासणी फेब्रुवारीत लागली. आदल्या आठवड्यात मी त्याला पढवायला बसले. "वाईटात वाईट दिवस सांगायचा. चांगला शब्द तोंडातून काढायचा नाही. एक चांगला शब्द म्हणजे एक तास गेला, समजलं?"

"तिच्यासमोर?"

"मूल खोलीत हवं, नियम आहे त्यांचा."

"व्हर्ना, तिला सगळं कळतं गं."

"माहितेय मला. मग काय, वसतिगृहात पाठवतोस?"

तो उठून लाकडं फोडायला गेला. लाकडं फोडलेली पुष्कळ होती.

या वेळी घर आवरू दिलं नाही मी. बाई आल्या, नवीन होत्या, मिसेस पेलकी. सेल्मा खिडकीशी मांडी घालून बसली, मांडीवर टॅब. पहिला प्रश्न झाला, "कपडे?" डेलने तोंड उघडलं आणि मला दिसलं की आता 'जमतं तिला' येणार. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट मारला.

"नाही जमत," तो म्हणाला. "मी घालतो. डायपरसुद्धा. रात्री काढते ती. भिंतीला फासते."

मिसेस पेलकी लिहीत होत्या. डेल टेबलाकडे बघून बोलत होता, तापात बडबडल्यासारखा. ती साबण खाते. व्हर्नाच्या दंडाला चावली, टाके पडले. दुकानात तिने एका बाळाला ढकललं, तेव्हापासून दुकानात नेत नाही. मग सरोवराचं सांगितलं, मोज्यांचं, बोटांचं. घंटा आपण का काढली तेही सांगितलं. मला वाटलं होतं, हे सगळं ऐकून मला बरं वाटेल. सेल्मा हलली नाही, तिने टॅबला हात लावला नाही, तिने फक्त मान वळवून बापाकडे बघायला सुरुवात केली होती. ती कुणाकडे सरळ बघत नाही कधी. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मिसेस पेलकींनी शेवटचं पान उलटलं. "आता एवढंच. मुलीमध्ये चांगलं काय आहे, तुमच्या शब्दांत सांगा."

डेलने माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागतो तसं पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. खोटं कशाला बोलू, मीच हलवली.

त्याने खुर्ची फिरवली. मिसेस पेलकींकडे नाही, सेल्माकडे. आणि बोलायला लागला. सॉनात, त्या वाफेच्या खोलीत, ती तासभर शांत बसते आणि तापल्या दगडांवर पाणी कधी टाकायचं ते तिला बरोबर समजतं. माझा ट्रक दोन गल्ल्या पलीकडे असतानाच तिला कळतो, व्हर्नाला विचारा. मागच्या महिन्यात माझं डोकं दुखत होतं तर टॅबवर 'बाबा' आणि 'दुखतंय' तिने आपणहून दाबलं, कुणी शिकवलं नव्हतं. हुशार आहे. हट्टी आहे, माझ्या आईवर गेलीय. ती घरात नसली की मला घर नकोसं होतं. डेल राउतिओ सलग पंधरा मिनिटं बोलला. मिसेस पेलकींनी सगळं लिहून घेतलं.

पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. बावीस तास. नोकरी टिकली, वसतिगृहाची पानं चुलीत गेली, पण तीस नाही, बावीसच. उरलेल्या आठ तासांची डेल अजूनही कशीबशी तोंडमिळवणी करतो, आणि ती करताना वाळत चाललाय. माझ्या तोंडाला कुलूप नाही. एकदा म्हटलंच, "एवढं सगळं नीट बोललास, शेवटी गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

तो सेल्माच्या ताटात बटाटा वेगळा काढत होता.

"अगं व्हर्ना," तो म्हणाला, "ती तिथंच बसली होती ना."