विलाकोताच्या राउटरची धर्ममाता

विलाकोता गावाने मानाचं बोलावणं नोर्काला धाडलं, त्या दिवसापासून सेवेरो काल्यिसायाच्या पोटात दुखायला लागलं. गावात नवीन काही आलं, मग ते फुटबॉलवाल्यांचे कपडे असोत की शाळेचं छप्पर, त्याला एक धर्मपिता नाहीतर धर्ममाता लागते. त्या माणसाने गळ्यात कागदी माळा घालून घ्यायच्या, पाचामामाला, म्हणजे धरतीमातेला, बिअर शिंपायची आणि वस्तू पहिल्यांदा आपल्या हाताने चालू करायची. या वेळी गावच्या मोबाइल टॉवरखालच्या कपाटात नवा राउटर बसत होता. गावातलं फोनवरचं सगळं बोलणं तो जमिनीतल्या काचेच्या तारेतून ला पाझ शहराला पोचवणार होता. आणि त्याची धर्ममाता कोण, तर फोन कंपनीची सत्तावीस वर्षांची इंजिनिअर नोर्का तिकोना.

सेवेरो त्याच कंपनीसाठी बावीस वर्षं त्या टॉवरवर चढत होता. हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात, पाना दातात धरून, त्याने सिग्नल पकडणाऱ्या तबकड्या समोरच्या डोंगरावरच्या टॉवरकडे नुसत्या नजरेच्या अंदाजाने रोखल्या होत्या. वादळात एखादी तबकडी जरा फिरली की गाव मुकं व्हायचं आणि मग सेवेरोची आठवण व्हायची. आता तार आल्यामुळे त्याच तबकड्या समारंभाआधी उतरवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

"जिचे पाय कधी जमिनीवरून सुटले नाहीत, तिला मान," तो बायकोजवळ कुरकुरला.

फ्रोइलाना बटाटे सोलत होती. "तारेचा चर खणायची परवानगी मागायला ती घराघरात बसून जेवली. तू बावीस वर्षांत कुणाच्या चुलीपाशी बसलास?"

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

समारंभाच्या सकाळी नोर्काने तारा जोडल्या, पण राउटर चालू करून पाहिला नाही. धर्ममातेने लोकांदेखतच चालू करायचा, आधी हात लावला तर मान वाया. मग ती माळा घालून घ्यायला गेली आणि कपाटापाशी सेवेरो एकटाच उरला. आत दोन बारीक तारा होत्या, एक बोलणं नेणारी, एक आणणारी. त्याने दोन्ही काढल्या आणि एकमेकींच्या जागी खोचल्या. दार लावताना त्याला मनापासून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी बँड वाजला, बिअर शिंपली गेली, नोर्काने बटण दाबलं. दिवे लागले, पण तारेचा दिवा काही लागेना. गावप्रमुख तिबुर्सियोने साओ पावलोला राहणाऱ्या लेकीला तीनदा फोन लावला आणि तीनदा हात खाली केला. बँड आपोआप थांबला. नोर्काचा चेहरा उतरला आणि सेवेरो हाताची घडी घालून, कुणी बोलावतंय का याची वाट बघत उभा राहिला.

तिबुर्सियोनेच हाक मारली. सेवेरोने कपाट उघडलं, उगाच थोडा वेळ काढला, तारा परत बदलल्या. दिवा हिरवा झाला. पलीकडून लेकीचा आवाज आला आणि म्हातारा रडायलाच लागला.

नोर्काने गळ्यातल्या सगळ्या माळा काढून सेवेरोच्या गळ्यात घातल्या. "चूक माझी होती," ती सगळ्या गावासमोर म्हणाली. "तारा मीच उलट्या लावल्या. आज उस्ताद होते म्हणून अब्रू राहिली."

लोकांनी सेवेरोला उचलून घेतलं. बावीस वर्षं हव्या असलेल्या माळा मानेला टोचत होत्या आणि तरी त्याला तिचा हेवाच वाटत होता. 'चूक माझी' हे त्याला आयुष्यात एकदाही म्हणता आलं नव्हतं, आणि या पोरीने न केलेल्या चुकीसाठी ते सहज म्हणून टाकलं होतं.

परतताना कंपनीची गाडी सेवेरो चालवत होता. शेजारी बसलेली नोर्का म्हणाली, "उस्ताद, लाल खुणेची तार डावीकडे. मी कधी चुकत नाही. आजच कसं झालं असेल?"

सेवेरोने रस्त्यावरची नजर हलवली नाही. सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, हे त्याला कळत होतं.

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

"बरं, उस्ताद," नोर्का म्हणाली, आणि तिने त्याचे आभार मानले.