ते तेल मिस्त्रीचं नव्हतं

ही गोष्ट मी आजवर दोन प्रकारे टाळली. कोणी विचारलं नाही तर गप्प बसून, आणि कोणी विचारलं तर खोटं सांगून. दुसरा प्रकार मी जास्त वापरला. तो सोपा होता, आणि लोक हसायचे.

गेल्या महिन्यात घरी सगळे जेवायला बसले होते. पुतण्याने एक जुनी गाडी घेतली आहे, बरीच पळालेली. थंडी सुरू झाली, सकाळी ती कण्हत सुरू होते, तर इंजिनात कुठलं तेल घालावं, असा त्याचा प्रश्न होता. मी उत्तर देणार तेवढ्यात तोच म्हणाला, "काका, आधी त्या पडेगावच्या मिस्त्रीची गोष्ट सांगा ना! ज्यानं तुमचं इंजिन घाटात जाम केलं!" मी तोंड उघडायच्या आतच सगळे हसायला लागले. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तेसुद्धा.

मी ताटावरून उठलो. सून म्हणाली, "भाजी तिखट झाली का?" हो म्हणालो. तेही खोटंच. मला राग आला होता. एकदा बोललेलं खोटं तीस वर्षांत घराची करमणूक होऊन बसतं, याचा राग. आणि तिथंच उभं राहून ते खोडायची हिंमत झाली नाही, याचा त्याहून जास्त. म्हणून आता लिहितो आहे. लिहिताना समोर कोणी हसत नाही.

तेव्हा मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात सुपरवायझर होतो. आलेला प्रत्येक माल मोजायचा, केसाइतकाही फरक दिसला तर परत पाठवायचा, हे माझं काम. त्या कामाने माणसाला एक वाईट सवय लागते. आपण सोडून सगळे अंदाजाने जगतात, असं वाटू लागतं. माझी गाडी पेट्रोलची, दुसऱ्या हातची. लाखाच्या वर पळालेली. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, मागून थोडा निळसर धूर. पण गाडी चांगली होती, आणि ती चांगली राहिली होती ती पडेगावच्या मिस्त्रीमुळे.

दौलताबादच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. एकटे काम करायचे. त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात पाहिली नाही. तेल बदलताना निघालेल्या जुन्या तेलातलं थोडं ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचे, वर चिकटपट्टी लावून गाडीचा नंबर टाकायचे आणि बाटली फळीवर ठेवायचे. पुढच्या वेळी नवी बाटली तिच्या शेजारी. दोन्ही उन्हात धरून बघायचे. "हा तुमच्या गाडीचा रक्ताचा रिपोर्ट," म्हणायचे. वाळूजच्या निम्म्या कामगारांच्या मोटरसायकलींचे रिपोर्ट त्या फळीवर होते.

त्या वर्षी नोव्हेंबरातच कडाक्याची थंडी पडली. सकाळी चोक ओढून ओढून हात दुखायचा. मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो, "या वेळी पातळ तेल घाला."

माझ्या खिशात गाडीच्या तेलाची एक इंग्रजी पुस्तिका होती. कारखान्यात मशीन बसवायला परदेशी इंजिनिअर आले होते, त्यांची मागे राहिलेली. सोबत तेलाचा एक डबाही राहिला होता, तो मी घरी आणून ठेवला होता. पुस्तिकेत छापलं होतं की हिवाळ्यात पातळ तेल वापरा, पाच-तीस नंबरचं. मी ते मिस्त्रींना वाचून दाखवलं.

ते हातातलं फडकं पिळत म्हणाले, "ते बर्फातल्या गाडीचं हाय साहेब. नवीन गाडीचं. तुमची म्हातारी झाली. म्हाताऱ्याला थंडीत गोधडी लागती, मलमल नाय."

"पण सुरू होत नाही ना सकाळी."

"होती. दोन मिनटं थांबत नाय तुम्ही. उठल्या उठल्या पळवलं तर तुम्ही तरी पळताल का?" मग आपल्या तेलाच्या डब्यावरचा आकडा दाखवत म्हणाले, "पहिला नंबर सकाळचा. दुसरा दिवसाचा. आपल्याकडं थंडी नऊपर्यंत, दहाला ऊन चटका देतंय. तेलाला दिवसभर राबायचंय. झिजलेल्या इंजिनात गरम झाल्यावर तेल दाट राह्यलं पायजे. वीस-पन्नासच घालतो, आन बॅटरीची वायर साफ करून देतो. मग बघा."

त्यांनी तेच केलं. दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण मला ते सहन झालं नाही. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने मला आकडे समजावले, ही माझी खरी अडचण होती. तेव्हा मी तिला दुसरी नावं दिली. शास्त्र म्हणालो, प्रयोग म्हणालो. शनिवारी दुपारी पोर्चमध्ये गाडीखाली शिरलो, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट उघडला आणि मिस्त्रींनी घातलेलं चार दिवसांचं तेल परातीत सोडून दिलं. मग डब्यातलं पाच-तीस भरलं. पहिला आकडा मी बघितला. त्याच्यापुढचं 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचं, तेही बघितलं. दुसरा आकडा बघितला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासत आलेल्या माणसाने अर्धाच आकडा वाचला.

रविवारी सकाळी गाडी एका झटक्यात सुरू झाली. इतकी हलकी, की मी पोर्चमध्ये एकटाच हसलो. माझ्या हाताखालचे तिघेजण सोबत होते, वेरूळला जायचं ठरलं होतं. रस्त्यात मी त्यांना पुस्तिकेतली वाक्यं ऐकवत होतो. दौलताबाद गेलं, ऊन तापलं, घाट लागला. चढावर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. मी म्हणालो, "वायर ढिली असेल." मग तो विझेचना. मग इंजिन आतून ठोकायला लागलं, कोणीतरी हातोडीने दार वाजवावं तसं. तरी मी पाय काढला नाही, कारण तिघं बघत होते. वळणावर गाडी जाम झाली.

मागच्या सीटवरून एकाने विचारलं, "साहेब, तेल कधी बदललं होतं?"

"याच आठवड्यात," मी म्हणालो. "पडेगावच्या मिस्त्रीने."

दोन्ही वाक्यं खरी होती. खोटं असंही बोलता येतं.

"मग भेसळ केली त्यानं," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "या लोकांवर विश्वास ठेवायचाच नसतो साहेब." हे 'या लोकांवर' म्हणजे मिस्त्रींच्या जातीवर, ते गाडीतल्या चौघांनाही कळलं. मी मान हलवली. आज ते वाक्य आठवलं की मला त्या माणसाचा राग येतो. पण तो पोरसवदा होता, आणि मान हलवणारा मी होतो.

टेंपोने गाडी ओढून पडेगावला आणली. मिस्त्री बाहेर आले. त्यांनी बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी काढली, तेल अंगठ्याने बोटावर चोळलं. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब, हे तेल माझं नाय."

"मग कोणाचं?" मी ओरडलो. "तुझ्याशिवाय कोणी हात लावलाय या गाडीला?" इतकी वर्षं मी त्यांना तुम्ही म्हणत आलो होतो.

तिघं माझ्या मागे उभे होते. पंक्चर काढायला थांबलेले दोघे-तिघेही ऐकत होते. मिस्त्रींनी बोटं फडक्याला पुसली. पुसून झाली तरी पुसतच राहिले. मग म्हणाले, "ठेवून जावा गाडी. करून देतो."

त्यांनी कबूलच केलं, असं परतताना तिघांचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी एकटा गेलो. चेंबर खाली उतरवलेलं होतं. मिस्त्रींनी मला आत बोलावलं आणि फळीवरून दोन बाटल्या काढल्या. एकीत त्यांच्या डब्यातलं वीस-पन्नास, दुसरीत माझ्या इंजिनातून काढलेलं. दोन्हींना बुचं लावून एकदम उलट्या केल्या. त्यांच्या बाटलीतला हवेचा बुडबुडा दमादमाने वर चढला. माझ्या बाटलीतला पाण्यात असावा तसा सटकन वर गेला. तळाशी बेअरिंगचा चुरा चमकत होता.

"काल सांगितलं असतं," ते म्हणाले. "बाटली तर कालच भरली व्हती. पन तुमच्या हाताखालची मानसं व्हती संगं. त्यांच्यासमोर तुमची मान खाली कशाला घालायची?" मग ती दुसरी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "ही फळीवर ठेवत नाय. तुम्ही घेऊन जावा. आन तुम्हीच सांगा त्यांना. तुमच्या तोंडून बरं दिसतंय."

मी 'हो' म्हणालो. अगदी स्पष्ट.

आणि सांगितलं नाही. मंगळवारी शिफ्टच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर हीच गोष्ट चालू होती. पडेगावचा तो जळकं तेल गाळून परत विकतो, एकजण सांगत होता. दुसऱ्याने विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "साहेबांनाच विचार की, पुढं बसलेत." मला फक्त मान वळवायची होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. उद्या सांगू म्हणालो. मग सोमवारी. नंतर वाटायला लागलं, आता सांगितलं तर आधी का सांगितलं नाही, हेही सांगावं लागेल.

त्यांनी माझं इंजिन नीट करून दिलं. ती गाडी पुढे बरीच वर्षं चालली, वीस-पन्नासवर. शेडसमोरच्या मोटरसायकली मात्र कमी होत गेल्या. पुढच्या थंडीत मी तिथून जाताना फळीकडे बघितलं, बाटल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यानंतरच्या वर्षी शेडला कुलूप होतं. मिस्त्री शहरात कोणाच्या तरी गॅरेजात, आपल्या निम्म्या वयाच्या मालकाच्या हाताखाली कामाला लागले, असं कळलं. कळवणारा हसत होता. मला तेव्हा मिस्त्रींचाच राग आला, हेही लिहून ठेवतो. कशाला झाकली माझी चूक? त्या रविवारी सर्वांसमोर बाटल्या उलट्या केल्या असत्या, तर माझी चार दिवस फजिती झाली असती आणि गोष्ट संपली असती. आपल्या पापाचा दोष समोरच्याच्या चांगुलपणावर ढकलायचा, इतका मी घसरलो होतो.

निवृत्त झाल्यावर एकदा गेलो मी त्यांच्या घरी. बाटली पिशवीत होती. मिस्त्री अंगणात उन्हाला बसले होते, हात कापत होते. मला ओळखलं. आत हाक मारून चहा सांगितला, खुर्ची मागवली आणि पहिलं विचारलं ते, "म्हातारी चालती का?"

"चालते."

"तेल कोणतं?"

"वीस-पन्नास."

ते मोठ्याने हसले. "आत्ता समजलं व्हय!"

हीच वेळ होती. त्यांनीच दार उघडून दिलं होतं. मी पिशवीत हात घातला, बाटली हाताला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं, "मिस्त्री, यंदा थंडी जास्त आहे. काही बदलू का?"

अर्धा तास ते मला समजावत राहिले. धूर वाढला तर काय, बॅटरी कधी बघायची, सकाळी किती थांबायचं. मी मान हलवत होतो. चहा पिऊन निघालो. बाटली तशीच परत आली.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला दोन महिन्यांनी कळलं.

बाटली आत्ता माझ्या टेबलावर आहे. पुतण्याला उद्या बोलावलं आहे. त्याला आधी दुसरा आकडा वाचायला सांगणार आहे, आणि मग हे कागद, सगळ्यांसमोर. पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगायचं राहिलं. पिशवीत हात घालून मी जे बोलायला गेलो होतो, ते एवढंच होतं:

मिस्त्री, तेल मी बदललं होतं. तुमचं तेल चांगलं होतं, तुमचं कामही चांगलं होतं. मला ते घाटातच माहीत होतं. तुम्ही माझी मान खाली जाऊ दिली नाही, आणि मी बसमध्ये मान वळवली नाही. मला माफ करा.